पाचशे बाराची पट्टी

"काका, सोनेरी कडेला बोट लावू नका," बसू कुडचे म्हणाला, आणि तापल्या तव्याला लागल्यासारखा आबांनी हात मागं घेतला.

अंगठा ओला होता त्यांचा. सूत पारखायची त्यांची ती रीत. अंगठा जिभेला लावायचा, धागा चिमटीत धरायचा, डोळे मिटून पीळ बघायचा. आयुष्य सुतात गेलेल्या माणसाचा हात, समोर काय आलंय हे कळण्याआधीच पुढं होतो. बसूनं काउंटरवर फडक्यावर मांडलेल्या, कॉम्प्युटरच्या मेमरीच्या त्या हिरव्या पट्टीकडेही तो तसाच गेला होता.

"घाम लागलेला बी तिला सोसत न्हाई," बसू म्हणाला. "दोन बाजूंनी धरायची. अशी. तान्ह्या पोराला न्हाऊ घालताना काखेत धरतात तशी."

"सोवळ्यातली हाय म्हणा की."

"आमच्या अव्वापेक्षा कडक."

दुकानामागच्या खोलीतून त्याच्या आईचा आवाज आला, "ऐकतीया मी!" दोघंही हसले. मी हसले नाही. माझ्या हातात दोनच दिवस उरले होते.

ही गोष्ट इचलकरंजीतली, एकवीस वर्षांपूर्वीच्या दसऱ्याची. माझे वडील, केरबा सातपुते, साडीचे काठ काढायचे. मागावर नव्हे, कागदावर. चौकटीचौकटीचा पाटाएवढा कागद, त्यातली एक चौकट म्हणजे एक धागा. कोयरी असो, राघू असो, वेलीचं नुसतं एक वळण असो, आबा ते चौकटीचौकटीनं रंगवत जायचे. एका काठाला महिना जायचा. मग त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पडायची, ते पुठ्ठे मागावर चढायचे आणि कुठल्या कुठल्या गावच्या बायकांच्या साड्यांच्या काठाला आमच्या घरातले राघू जाऊन बसायचे.

त्या वर्षी लाटकर मालकांनी नवा माग आणला. त्याला पुठ्ठे नको होते. कॉम्प्युटरवर तयार केलेला काठ सीडीवरून थेट त्याच्या पोटात जात होता. ते काम करणारा एक माणूस सुरतेहून यायला तयारच बसला होता. आबा मालकांकडं गेले, मला बरोबर घेऊन. मी तेव्हा बावीस वर्षांची. कॉम्प्युटर जोडायचा कोर्स झालेला, डिझाइनचा क्लास अर्धा झालेला. मालकांनी आधी माझ्याकडं, मग आबांच्या रंगानं माखलेल्या नखांकडं बघितलं.

"केरबा, तुझा राघूचा काठ मला पायजेच हाय. दसऱ्याला अकराच्या मुहूर्तावर नवा माग चालू करणार. सकाळी धाच्या आत सीडी आली, तर वर्षाचे सगळे काठ तुझ्या घरातनं. न्हाई आली, तर सुरतवाला."

क्लासमधल्या मशिनींवर ते होणार नव्हतं. आबांचा कागद तुकड्यातुकड्यांनी स्कॅन करून मी जोडायला घेतला, की अर्ध्यात पडदा गोठायचा. तिथल्या मशिनींची मेमरीच तोकडी. खाटेवर चौघांना झोपवावं तसा तो काठ तिच्यात मावत नव्हता. म्हणून मी घरीच मशीन जोडायचं ठरवलं होतं. बसूच्या दुकानात डबा घेऊन झाला, बोर्ड झाला, डिस्क झाली. राहिली होती मेमरी, आणि ती चुकून चालणार नव्हती.

बसूनं दोन पर्याय ठेवले होते. उजव्या हाताला दोन पट्ट्या, दोनशे छप्पन एमबीच्या, नावाजलेल्या कंपनीच्या, सीलबंद. डाव्या हाताला एकच पट्टी, पाचशे बाराची, तैवानच्या कुठल्या तरी कंपनीची, जिचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं. बेरीज दोन्हींची सारखी, किंमतही जवळजवळ सारखी.

"एकच घे," बसू म्हणाला. "तुझ्या बोर्डावर खाचा दोनच हायत. ह्या दोन घातल्यास की घर भरलं. आज काठ करतीस, उद्या पदर करशील, मग मेमरी वाढवायची म्हटलंस तर दोन्ही काढून टाकाव्या लागतील. ही घातलीस, तर एक खाच मोकळी."

"पण हिचं नाव कुणी ऐकलंय?"

"तुझं तरी कुणी ऐकलंय? तरी काठ करतीसच की."

"चेष्टा नको, बसूदादा. ही बंद पडली तर मला दुसरा दिवस नाही."

तो गंभीर झाला. माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा असेल. कपाळाला विभूतीचे पट्टे, शर्टाच्या खिशात बारका स्क्रू-ड्रायव्हर. "दोन दिवस माझ्या मशीनवर चालवून बघितलीय," तो म्हणाला. "न्हाई चालली, तर माझ्या तोंडावर आणून टाक. चार माणसांत."

मी आबांकडं बघितलं. आबा पट्टीकडं बघतच नव्हते, बसूकडं बघत होते. मग त्यांनी आईची ओवी म्हटली, गुणगुणल्यासारखी. आई जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. ती रहाटावर सुताच्या कांड्या भरताना गायची.

"सूत घ्याया गेले बाई, सुता लावीना मी डोळा,
देणाऱ्याचं मुख पाही, हाय कपटी का भोळा."

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे डावीकडची घे."

घेतली. मनात नसताना घेतली, हेही सांगते. घरी येईपर्यंत ती पारदर्शक पाकिटात, पाकीट रुमालात आणि रुमाल छातीशी. बाकीचं सामान आबांच्या सायकलला लटकत होतं.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. आमच्या गावात त्या दिवशी माग बंद. एरवी दिवसरात्र खडखडणारं गाव असं गप्प होतं, की कावळ्याचं ओरडणंही दचकवत होतं. हत्यारं धुऊन-पुसून पाटावर बसतात, त्यांना हळदकुंकू, झेंडू, नैवेद्य. दसऱ्यापर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. आबांचे कुंचले, मोजपट्टी, पुठ्ठ्याला भोक पाडायची त्यांच्या वडलांची टोचणी, सगळं पाटावर गेलं.

"तुझं सामान बी आण," आबा म्हणाले.

"आबा, मला आज ते जोडायचंय. आणि हत्यार उचलायचं नाही म्हणता."

आबा विचारात पडले. धर्माचा प्रश्न होता आणि पोटाचाही. मग त्यांना वाट सापडली. "जोडल्याबिगर त्ये हत्यार न्हवंच. नुसतं सामान हाय. पूजा झाली की जोड. काठ कर. हत्यार झालं की उद्या त्याला नमस्कार कर, म्हणजे झालं."

मी सगळं पाटावर मांडलं. मेमरीची पट्टी पाकिटातून काढून सगळ्यात कडेला ठेवली. "डब्याला बाहेरून लावा काय लावायचं ते," मी आबांना म्हणाले. तेवढ्यात नळाला पाणी आलं. आमच्याकडं पाणी चार दिवसांनी यायचं, ते पूजेसाठी थांबत नाही. घागरी घेऊन मी पळाले.

परत आले तेव्हा उदबत्तीचा धूर कौलाला लागला होता. डब्याला झेंडूची माळ, बोर्डाच्या खोक्यावर स्वस्तिक. पट्टी पुन्हा पाकिटात, अगदी नीट. तिच्या हिरव्या अंगावर मोहरीएवढं कुंकू. मला बरं वाटलं. नजर लागू नये म्हणून आई मला गालावर तीट लावायची, तसं दिसत होतं ते.

जोडणी दोन तासांत झाली. शेवटी मेमरी. दोन बाजूंनी धरली, खाचेची खूण जुळवली, दाबली. दोन्ही कड्या टक्कन बसल्या. बटण दाबलं. पंखा फिरला.

पडदा काळाच. आणि डब्यातून आवाज आला. लांब, एकसुरी, मग थांबून पुन्हा लांब. टिटवी ओरडावी तसा.

"बोलतंय काय ते?" आबांनी विचारलं.

"मेमरी सापडत नाही म्हणतंय."

काढली, पुन्हा बसवली. टिटवी. दुसऱ्या खाचेत बसवली. टिटवी. हाताला घाम सुटला. तो पुसला, पुन्हा बसवली. आबा दारात उकिडवे बसले होते आणि प्रत्येक वेळी आवाज आला की डोळे मिटून घेत होते.

"मी म्हणत होते," मी म्हणाले. "मी म्हणत होते ना? नाव नसलेला माल. मुख बघा म्हणे. आता बघा मुख!"

आबा रिक्षा बघायला उठले.

रिक्षात अख्खा डबा मांडीवर घेऊन आम्ही निघालो. माळ काढायचंही सुचलं नाही. चौकातले लोक बघत होते, की ही कुठली मूर्ती आणि विसर्जनाला निघाली कुठं.

बसूच्या दुकानात पूजा नुकतीच झाली होती. काउंटरवर केळीच्या पानावर त्याचे स्क्रू-ड्रायव्हर ओळीनं निजवलेले, प्रत्येकाला गंध. त्याची अव्वा कोपऱ्यात खोबरं-साखर वाटत होती. आणि खुर्चीत, पाय पसरून, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन लाटकर मालक बसले होते.

माझे पाय दारातच थांबले.

"या की," मालक म्हणाले. "केरबा, काठ कुठवर आला? आम्ही हितं हापिसला सहा मशिनं घ्याय आलोय. बसू म्हणतोय, माझ्याकडनंच घ्या."

आता खोटं बोलायला जागा नव्हती आणि खरं बोलले तर मशीन बंद आहे. सुरतेची गाडी मला डोळ्यांसमोर दिसत होती. एकच वाट होती. दोष माझ्या हाताचा नाही, हे मालकांना आत्ताच्या आत्ता कळायला हवं. मी डबा काउंटरवर आपटलाच.

"बसूदादा, तोंडावर आणून टाक म्हणाला होतात. आणलीय. चार माणसांत."

"काय झालं?"

"काय व्हायचंय? खोटा माल दिलात. सीलबंद नव्हतं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. वापरलेला माल नवा म्हणून गळ्यात मारलात. माझ्या जोडणीत फरक नाही. चार वेळा बसवलीय, दोन्ही खाचांत. उद्याचा माझा दिवस तुम्ही घालवलात."

मी मालकांकडं बघत नव्हते, पण बोलत होते त्यांच्यासाठीच. मालकांनी द्रोण खाली ठेवला. अव्वाचा हात खोबऱ्यात तसाच राहिला. बसूचं तोंड उतरलं, मग लाल झालं, मग तेही गेलं. तो पानावरच्या हत्यारांकडं बघायला लागला.

"बसू," अव्वा म्हणाली. "आज हत्यार उचलायचं न्हाई हां."

"हत्यार उचलत न्हाई, अव्वा. हात माझेच हायत."

डब्याचे स्क्रू मी हातानंच पिळलेले होते. त्यानं ते बोटांनीच काढले. कड्या उघडल्या, पट्टी उचलली, दोन बाजूंनी धरून, आणि उजेडाला दारापाशी नेली. बराच वेळ तिरपी करून बघत राहिला. मग नाकाशी नेली.

मला वाटलं, जळल्याचा वास घेतोय.

त्यानं मान वर केली. माझ्याकडं नाही, आबांकडं बघितलं. आबा दुकानाच्या पायरीवरच उभे होते, टोपी हातात. मग त्याची नजर आबांच्या हातांवर गेली आणि तिथं क्षणभर थांबली. पट्टी मुठीत मिटून तो आत गेला.

"काय निघालं रे?" मालकांनी विचारलं.

तो बाहेर आला तेव्हा हातात दुसरं पाकीट होतं. दुसरी पाचशे बारा. कापसाला स्पिरिट लावून त्यानं बोर्डाच्या दोन्ही खाचा पुसल्या, पुन्हा पुसल्या, नवी पट्टी बसवली, वायर लावली. टिटवी ओरडली नाही. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटायला लागली, आणि मला रडायलाच आलं.

"पट्टी खराब होती," बसू म्हणाला. आवाज अगदी साधा. "माझी चूक. तुमची मुलगी बरोबर बोलली, काका. जोडणी चोख हाय तिची. एक नंबर."

"मला तर म्हणत होतास, तपासल्याबिगर देत न्हाई," मालक म्हणाले.

"ही राहिली तपासायची."

मालक उठले. धोतराचा सोगा झटकला. "मग त्या सहाचं बघू, कुडचे. सांगतो." आणि माझ्याकडं वळून, "चांगलं खडसावलंस. धाच्या आत, काय?"

मी डबा उचलला. प्रसाद घ्या, अव्वा म्हणत होती. मी घेतला नाही.

दसऱ्याच्या सकाळी साडेनवाला आम्ही कारखान्याच्या दारात होतो. काठ झाला होता. सगळा, एका तुकड्यात. मशीन एकदाही गोठलं नव्हतं. आबांची प्रत्येक चौकट आपल्या जागी होती, राघूच्या चोचीतला तो एक लाल धागासुद्धा. मालकांच्या माणसानं चाचणीपुरती सीडी मागाला लावली आणि हातभर कापड विणून बघितलं. मालकांनी ते बोटांत धरलं, उलटं केलं, सुलटं केलं.

"वर्षाचे काठ तुझ्याकडं," ते म्हणाले. "शब्द म्हणजे शब्द. आन् हे बी सांगून ठेवतो, त्या कुडच्याला मी सकाळीच कटाप केलं. कोल्हापूरच्या दुकानाला फोन करून सहाची ऑर्डर दिली. तू न्हाई सांगितलं असतंस तर फसलो असतो."

बाहेर आलो. गाव अजून गप्पच होतं. दारादारांत तोरणं लागत होती. मला पळावंसं वाटत होतं, गावंसं वाटत होतं. आबा मात्र सायकल हातात धरून मागं मागं चालत होते. पाण्याच्या टाकीपाशी ते थांबले.

"वैजू. पट्टी चांगली हुती."

"कुठली?"

"पहिली. हळद मी लावली."

मला कळलं नाही. कुंकवाचा ठिपका मला आठवत होता, त्यानं काही बिघडत नव्हतं.

"कुंकू वरती. हळद खाली, त्या सोनेरी दातांना." आबा सायकलच्या घंटीशी बोलत असल्यासारखे बोलत होते. "बोट न्हाई लावलं. त्यो म्हणाला हुता न्हवं, बोट लावायचं न्हाई म्हणून. झेंडूची पाकळी घेतली, ओल्या हळदीत बुडवली आन् पाकळीनं लावली. एकेका दाताला. वाळू दिली, मग पाकिटात घातली."

"पण का, आबा? डब्याला बाहेरून लावा म्हटलं होतं मी."

"सगळ्या सामानात तेवढीच तू छातीशी धरून आणलीस. मला वाटलं, ह्याचा जीव हितंच असणार. मग हळद हितंच लागाय पायजे."

वाळलेल्या हळदीनं ते दात बोर्डाला टेकतच नव्हते, आणि सोन्यावर हळद दिसत नाही. चार वेळा मी ती पट्टी हातात घेतली आणि मला ती दिसली नव्हती. बसूला वास आला होता. आबांच्या उजव्या हाताची नखं अजूनही पिवळी होती, ती मी आत्ता पहिल्यांदा बघत होते.

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्यानं नाकाला लावली तवा."

"आणि गप्प राहिलात?"

"त्यो गप राहिला म्हणून. मालक बसले हुते ना तितं. मशीनला हळद फासणाऱ्यांच्या घरात माझा काठ देऊ व्हय, म्हणाले असते. त्याला त्ये कळलं. मला बी कळलं. तुझं काम हुईस्तवर गिळलं. आता खाली उतरंना झालंय."

मी तिथं उभी राहिले. काम हातात होतं, वर्षाचं. आबांची चौकट न् चौकट जगणार होती. हे आम्हा तिघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्याला बोलायचा हक्क होता, त्यानंच आपलं तोंड शिवलं होतं. पुढच्या आठवड्यात जाऊन बसूदादाची माफी मागावी, एकट्यात. एवढं पुरे झालं नसतं का? मी स्वतःला तसं समजावलंसुद्धा. मग मला माझाच आवाज ऐकू यायला लागला. चार माणसांत. खोटा माल. गळ्यात मारलात. तो चढवलेला, मालकांना ऐकू जावा म्हणून लावलेला आवाज.

मी वळले. आबांनी सायकल वळवली.

कारखान्यात नारळ फुटला होता, माग नुकताच सुरू झाला होता. त्या खडखडाटात मला ओरडून सांगावं लागलं.

"मालक, कुडच्यांचा माल खोटा नव्हता. आमच्या घरात पूजेत हळद लागली तिला. त्यांना काल कळलं होतं. त्यांनी आमच्यासाठी दोष घेतला."

मालकांनी हात वर केला. माग थांबला.

"हळद?" ते म्हणाले. "मेमरीला?"

"मी लावली, मालक," आबा म्हणाले.

मागवाल्यांपैकी कुणीतरी हसलं. मालक हसले नाहीत. "केरबा, हळदीचं मला काय न्हाई. मी बी ह्या मागाला आत्ताच लावलीय, ही बघ." मग माझ्याकडं वळले. "पोरी, काल बोललीस तवा तुला खात्री हुती, माल खोटा हाय म्हणून?"

मी विचार केला. खोटं बोलायचं असतं तर परतच आले नसते. "नाही. तुम्ही बसला होतात, म्हणून बोलले."

"म्हणजे तुझं काम वाचावं म्हणून दुसऱ्याचं नाव घालवलंस. उद्या माझा काठ बिघडला तर कुणाचं नाव घेशील? माझं?"

मालकांनी मागाकडं बोट केलं.

"ह्यो काठ मागावर चढलाय, दसऱ्याच्या दिवशी त्यो उतरवत न्हाई. तुला दिलेला शब्द तूच घालवलास; पुढचे सुरतवाला करंल."

"आणि कुडच्यांची सहा मशिनं?" मी विचारलं.

"कोल्हापूरला शब्द गेलाय. सणाचा शब्द मी फिरवत न्हाई." त्यांनी हात खाली केला. माग पुन्हा सुरू झाला. आबांचे राघू एकेक करून वर येत होते, कुणाकडंही न बघता.

बसूच्या दुकानाला निम्मं शटर होतं. आम्ही वाकून आत गेलो. तो आंघोळ करून, धुतला सदरा घालून, काउंटरला तोरण बांधत होता. मी सगळं सांगितलं. उभ्याउभ्या, एका दमात, मालकांचा शेवटचा शब्द धरून. मला वाटलं होतं, त्याला बरं वाटेल. त्याचा चेहरा बघता बघता काळवंडला.

"सांगून आलासा?" तो ओरडलाच. "मग मी कशाला तोंड बंद ठेवलं? माझं गेलं ते गेलं, म्हटलं, हिचं तरी ऱ्हावं! काम हातात आल्यावर परत जाऊन सांगितलंस? एका दगडात दोन्ही मडकी फोडून आलीस व्हय गं?"

"बसूदादा, मी तुम्हाला चोर म्हणाले होते."

"म्हणाली हुतीस, ऐकलं मी! लागलं बी मला, रातभर लागलं! म्हणून काय गावभर सांगत सुटायचं?"

"मालक," आबा बसूलाच म्हणाले. टोपी काढून ते त्याच्या पायाशी वाकायला लागले.

बसूनं त्यांना दोन्ही दंडांना धरून वरच्या वर उभं केलं. "काका, तुम्ही तर बोलूच नका. पाकळीनं! पाकळीनं लावली म्हणं! मी सांगितलेलं तेवढंच बरं ऐकलासा!" त्याचा आवाज मध्येच फाटला. हसतोय की काय, हे त्याचं त्यालाही कळत नसावं. तो तोंड फिरवून, बांधून झालेलं तोरण सोडून पुन्हा बांधायला लागला.

"बसू," आतून अव्वाचा आवाज आला. "भांडण आटपलं असंल तर पानं वाढलीत. चार वाढलीत."

आम्ही आत जाऊन बसलो. भिंतीला टेकून आबा, त्यांच्या शेजारी मी, समोर बसू. पुरणपोळीवर अव्वानं तुपाची धार धरली आणि पुरे म्हणेपर्यंत सोडली नाही. पहिला घास माझ्या हातातच राहिला. तोंडाकडं नेववत नव्हता.

बसू माझ्याकडं बघत होता. राग अजून त्याच्या भुवईत होता. त्यानं आपल्या पानातली एक पोळी उचलली आणि माझ्या पानात टाकली.

"खा गं," तो म्हणाला. "पोटभर खा. उद्यापास्नं दोघांनाबी काम हुडकायचंय."